खिडकीच्या कट्ट्यावरचं जेड: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्या लिहायच्या टेबलासमोर दक्षिणेची खिडकी आहे. तिचा कट्टा जेमतेम सात इंच रुंद, आणि वर सोळा इंचांवर पुस्तकांची फळी. पाच इंचांची कुंडी ठेवली की झाडाच्या वाट्याला अकरा इंच उरतात. तेवढ्यात मावेल, हळू वाढेल, रोज पाणी मागणार नाही असं काहीतरी हवं होतं. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नर्सरीतून १५० रुपयांना जेड आणलं. उंची सहा इंच. "आहे तेवढंच राहतं, वर्षभर बघायला नको," असं तिथे सांगितलं होतं. ते खरं नाही. जुलैच्या शेवटी त्याचा शेंडा फळीला टेकून वाकला होता.

घेण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. आपल्याकडे जेड म्हणून दोन वेगळी झाडं विकली जातात. जाड, मोठ्या पानांचं ते क्रॅसुला ओव्हाटा. बारीक, गोलसर पानांचं आणि तांबूस खोडाचं ते पोर्तुलाकारिया आफ्रा. माझं दुसरं. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची, पण स्वभाव सारखा नाही. बारीक पानांचं जास्त भराभर वाढतं. तिकडे ते माणसापेक्षा उंच होतं आणि हत्ती ते शेंड्याकडून खातात. मोडून खाली पडलेल्या फांद्या मातीला टेकल्या की मुळं धरतात. म्हणजे वरून तोडलं जाणं या झाडाला नवीन नाही. हे कळल्यावर कात्री लावायची माझी भीती गेली.

पहिला हिवाळा छान गेला. डिसेंबरमध्ये दुपारचं ऊन तिरकं येऊन थेट कट्ट्यावर पडायचं. पानं घट्ट, कडांना लालसर झाक. पट्टीने मोजलं तेव्हा पानांच्या दोन जोड्यांमधलं पेर आठ-नऊ मिलिमीटरचं होतं. मे महिन्यापासून तेच पेर लांबायला लागलं आणि जुलैमध्ये २५ मिलिमीटरपर्यंत गेलं. पानं लहान, फिकट, एकमेकांपासून लांब लांब. फांद्या इतक्या लुळ्या की एकदा पडदा सरकवताना सगळी कुंडीच कलंडली.

मला वाटलं पाणी जास्त होतंय. म्हणून तीन आठवडे पाणी तोडलं. पानं सुरकुतली, खालची दहा-बारा गळली, वाढ मंदावलीही; पण शेंड्याला जी काही नवी पानं आली ती तितकीच लांब लांब. या जातीला पाण्याचा ताण बसला की ती दिवसा पानांची छिद्रं मिटून घेते आणि रात्री उघडते, म्हणजे पाणी कमी उडतं. झाड तग धरतं, पण बांधा सुधारत नाही. झाड लहान ठेवायचं म्हणून त्याला तहानलेलं ठेवण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. माझा अनुभव स्पष्टपणे त्याच्या विरोधात आहे.

खरं कारण खिडकीत होतं. दक्षिणेची खिडकी म्हणजे भरपूर ऊन, हे पुण्यात हिवाळ्यापुरतंच खरं आहे. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेलाच असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, आणि त्यात जूनपासून ढग. बाहेर गरम, हवेत ओल, मुळांना पाणी, पण उजेड नाही. झाड उजेड शोधत ताणलं जाणारच. आधीच लांबलेलं पेर नंतर कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

त्या घाईत एक चूक झाली. एका उघडीपीच्या दिवशी मी कुंडी थेट गच्चीत नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत वरच्या पानांवर तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडले होते. घरात वाढलेल्या पानांना ते ऊन सोसत नाही. न्यायचंच तर सकाळच्या तासाभरापासून सुरुवात करून दोन आठवड्यांत वाढवत न्यावं.

शेवटी फळीच्या खालच्या बाजूला २० वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब बसवली. जांभळ्या उजेडाचे खास दिवे महाग असतात, आणि लिहिताना तो उजेड डोळ्यांसमोर नकोसा वाटतो. सोबत टायमरचा प्लग, सकाळी सात ते संध्याकाळी सात. महिन्याला साधारण सव्वासात युनिट वीज लागते. झाडाचा शेंडा ट्यूबला टेकणार नाही एवढं अंतर ठेवते. दिवा लावल्यानंतरच्या नव्या वाढीत पेर १० मिलिमीटरच्या आसपास आलं, ढगाळ सप्टेंबरमध्येसुद्धा. इतक्या महिन्यांत मी जे जे करून पाहिलं त्यात सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडला.

लांबलेल्या फांद्या मात्र कापाव्याच लागल्या, आणि तिथे घाई नडली. ऑगस्टच्या सुरुवातीला, हवा दमट असताना, दोन फांद्या कापल्या. त्यातल्या एकीचं टोक काळं पडून सडत खाली आलं. शेजारच्या काकूंच्या गच्चीत बारा वर्षांचं जेड आहे. त्या बघून म्हणाल्या, "पावसाळ्यात कशाला हात लावलास गं? दसरा होऊ दे. आणि मग घाबरत घाबरत कापू नकोस, निम्मं काढ." ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत निम्मं काढलं. कात्री स्पिरिटने पुसून, पानांच्या जोडीच्या जरासं वर काप घेतला. काप दोन दिवसांत सुकून पांढुरका झाला. बाराव्या दिवशी त्याच्या खालच्या जोडीच्या बेचक्यात, दोन्ही बाजूंना, मोहरीएवढे लालसर डोळे दिसले. एका शेंड्याचे दोन फुटवे. दोघांत वाढ वाटली जाते, म्हणून उंची सावकाश वाढते आणि झाड भरत जातं. आता नव्या फुटव्याला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की नखाने शेंडा खुडते. कापलेले तुकडे चार-पाच दिवस सावलीत सुकवून कोरडसर मातीत लावले. सातपैकी सहा जगले. एक काकूंकडे गेलं.

कुंडीबद्दल थोडक्यात. प्लॅस्टिकची काढून पाच इंचांचीच मातीची घेतली. ती जड असल्यामुळे कलंडत नाही आणि लवकर सुकते. नर्सरीतला कोकोपीट बराचसा झटकून टाकला, कारण तो आतून ओला राहतो. आता निम्मी बागेतली माती, उरलेल्यात जाड वाळू आणि विटांचा चुरा. मोठ्या कुंडीत मुद्दाम हलवत नाही. मुळांना मर्यादित जागा असली की वाढही बेताची राहते. दर दोन वर्षांनी मुळं थोडी छाटून त्याच कुंडीत परत लावायचं, असं काकू करतात. मीही तेच करणार आहे. गांडूळखत वर्षातून एकदा, मूठभरही नाही. मार्चमध्ये मी दोनदा घातलं होतं, आणि मेमधल्या त्या लुळ्या वाढीला त्याचाही हातभार लागला असं मला वाटतं.

पाणी कुंडी उचलून ठरवते. हलकी लागली की खालून निथळेपर्यंत, नाहीतर थेंबही नाही. उन्हाळ्यात सात-आठ दिवसांनी, थंडीत बारा, पावसाळ्यात कधी तीन आठवड्यांनी. एकदा बेचक्यांत पिठ्या ढेकूण झाला होता, कापसाच्या बोंडासारखा पांढरा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तीन रविवार पुसल्यावर गेला. दाट छाटलेल्या झाडात तो लपतो, त्यामुळे दर आठवड्याला आत डोकवावं लागतं.

ज्यांना खरंच हात लावायचा नाही त्यांनी हवर्थिया घ्यावं. ते कमी उजेडातही तळहाताएवढंच राहतं. ज्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी पाच मिनिटं शेंडे खुडायला आवडेल, त्यांनी हे जेड नक्की घ्यावं, आणि सोबत ट्यूबचे पैसे बाजूला ठेवावेत. आज, डिसेंबरमध्ये, माझ्या झाडाची उंची साडेनऊ इंच आहे. अकरा टोकं आहेत, ऑक्टोबरच्या छाटणीआधी चार होती. कडांची लाल झाक गेल्या आठवड्यात परत आली.