मुंबई ते सिंगापूर: थेट जावं की वाटेत विमान बदलावं?

मुलीकडे किंवा मुलाकडे सिंगापूरला निघालेले आई-बाबा तिकीट काढताना इथेच अडतात. थेट विमान महाग दिसतं. चेन्नईला किंवा क्वालालंपूरला बदलून गेलं तर काही हजार वाचतात. मग काय करावं?

आधी अंतर बघू. मुंबई ते सिंगापूर हवाई अंतर साधारण ३,९०० किलोमीटर. नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरते आणि निकोबारजवळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाते. चेन्नई आणि क्वालालंपूर दोन्ही या रेघेच्या अगदी जवळ आहेत. चेन्नईमार्गे जेमतेम ४०-५० किलोमीटर वाढतात, क्वालालंपूरमार्गे तेवढेही नाहीत. म्हणजे अंतराचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे उतरण्या-चढण्याचा.

थेट विमानाला सुमारे साडेपाच तास लागतात. येताना वारा समोरून असू शकतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा. चेन्नईमार्गे मुंबई-चेन्नई दोन तास, पुढे सिंगापूर सव्वाचार तास, आणि मधला थांबा तीन तासांचा धरला तरी सव्वानऊ तास होतात. क्वालालंपूरपर्यंत पाच तास लागतात. तिथून सिंगापूर फक्त ३०० किलोमीटर, पण तेवढ्यासाठी पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग, पुन्हा धावपट्टीवर वाट बघणं.

तिकिटावरच्या वेळा वाचताना मात्र जपून. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री ११:३० ला सुटलेलं विमान सकाळी ७:३० ला पोहोचतं, आणि घरात सगळे म्हणतात, ‘अरे बापरे, आठ तास!’ येताना रात्री ८ ला निघून सव्वाअकराला मुंबई, म्हणजे सव्वातीन तासच वाटतात. दोन्ही हिशेब चुकीचे.

स्वस्तात मिळतात म्हणून मी एकदा आई-बाबांची दोन वेगवेगळी तिकिटं काढली होती, मुंबई-चेन्नई एक आणि चेन्नई-सिंगापूर दुसरं. पहिलं विमान सव्वा तास उशिरा उतरलं. पट्ट्यावरून दोन बॅगा आणि लोणच्याच्या बरण्यांचं खोकं उचलून ते दोघं आंतरराष्ट्रीय काउंटरवर पोहोचले, तेव्हा तो बंद झाला होता. तिकिटं वेगळी, त्यामुळे पुढच्या विमानाची जबाबदारी कोणाचीच नाही. आईचा फोन आला तेव्हा बाबा गुडघा धरून बाकावर बसले होते. तो आवाज आजही आठवतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: साठीच्या पुढचं माणूस असेल, सोबत लहान मूल असेल, तर थेटच. एकटे, तरुण आणि पाठीवर एकच बॅग असेल, तर बदलून जायला हरकत नाही, पण पूर्ण प्रवासाचं तिकीट एकच असू द्या.

पुण्याचं गणित थोडं वेगळं. मुंबईचं थेट विमान पकडायला आधी एक्स्प्रेसवेचे तीन-चार तास, वर वाहतूक कोंडीची धास्ती. ते मिळवले की पुणे-चेन्नई-सिंगापूर तेवढं लांबचं उरत नाही.

रात्रीचं थेट विमान घेतलंत तर डाव्या बाजूची खिडकी मागा. सिंगापूरला वर्षभर सातच्या आसपास उजाडतं, आणि सूर्य त्याच बाजूने वर येतो.