'पैसे मिळाले' हा शिक्का मीच मारला होता

एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने मला 7 महिने फसवलं आणि तेवढे दिवस माझीच वही त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

तो माल उचलायचा आणि मोबाइलवरून पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकायचा. तो बघून मी रोजमेळात 'ऑनलाइन जमा' लिहायचो आणि बिलावर शिक्का मारायचो. पेमेंटच्या ॲपमध्ये एकेक व्यवहार वेगळा दिसतो, पण ते उघडायचा कंटाळा. दिवसभराचे पैसे बँकेत दुसऱ्या दिवशी एकरकमी येतात, तेही सेवाशुल्क कापून. सुट्टी आली की आणखी उशिरा. त्यामुळे वहीतली बेरीज आणि बँकेचा आकडा कधीच जुळत नसे. जो फरक निघेल तो 'शुल्क असेल, उद्या येईल' म्हणत मी सस्पेन्स खात्यात, म्हणजे न जुळणारी रक्कम तात्पुरती ठेवायच्या खात्यात, ढकलायचो. त्याने नेमकं तिथेच बस्तान मांडलं. (हा घोळ त्याच्यापुढे मीच कधीतरी बोलून दाखवला असणार. मला बोलायची सवय आहे.)

वर्षअखेरीस सस्पेन्सचा आकडा नुसत्या शुल्काने होणार नाही इतका फुगलेला दिसला. ॲपमधली यादी छापली आणि पेन्सिल घेऊन बसलो. त्याचे 23 स्क्रीनशॉट, त्यातले 14 खरे. 3 स्क्रीनशॉटवर जुनाच व्यवहार क्रमांक, फक्त तारीख आणि रक्कम बदललेली. उरलेले वरून कापलेले, म्हणजे 'प्रक्रिया सुरू आहे' ही ओळ गायब. खऱ्यांत खोटे पेरल्यामुळे संशय यायला जागाच नव्हती.

विचारलं तर शांतपणे म्हणाला, "शेठ, शिक्का तर तुमचाच आहे ना?"

तक्रार दिली आहे. स्क्रीनशॉट पुसले नव्हते, म्हणून दाखवायला काहीतरी होतं.

आता 'पेमेंट कंपनीकडून येणे' असं वेगळं खातं आहे. विक्री पूर्ण रकमेने लिहायची, शुल्क खर्चात टाकायचं, बँकेत जमा झालं की ते खातं शून्यावर यायला हवं. नाही आलं तर त्याच दिवशी शोध. व्यवहार क्रमांक ॲपमधूनच उतरवतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा टाकला की शीटमधला रकाना लाल होतो.

परवा एक जुनं गिऱ्हाईक रुसलं, "एवढाही विश्वास नाही का?" मी ॲप उघडं ठेवून बसलो. पैसे दिसायला 2 मिनिटं लागली. तोवर तेही थांबलं.