ईपीसी, हॅम की बीओटी? हायवेचं पहिलं टेंडर भरताना

जिल्हा रस्त्यांची कामं करून हात बसलेला ठेकेदार राष्ट्रीय महामार्गाकडे वळला की आधी विचारतो, मार्जिन किती सुटेल? मी म्हणतो, आधी बघ, सरकार या कामात किती पैसा घालतंय आणि बाकीचा बोजा कुणावर टाकतंय. ठेक्याच्या तीन पद्धती, बीओटी, ईपीसी आणि हॅम, यावरूनच वेगळ्या होतात.

बीओटीचं, म्हणजे बांधा, टोल घेऊन चालवा आणि मुदत संपली की सरकारला परत करा, या पद्धतीचं थोडक्यात उरकतो. 1995 साली कायदा बदलून खाजगी कंपन्यांना टोलची वाट मोकळी झाली. यात कर्ज तुमचं, वाहनं किती येतील हा जुगारही तुमचाच. सरकारचं अनुदान जास्तीत जास्त 40 टक्के. 2012च्या सुमारास कर्जं थकली, बँकांनी हात आखडते घेतले. मुंबई-गोवा मार्गाचा पनवेल-इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा असाच दिला होता. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना पुढचं सांगायला नको.

मग सरकारच पुन्हा खिशात हात घालू लागलं. ईपीसीत (इंजिनीअरिंग, खरेदी, बांधकाम) सगळा पैसा सरकारचा, डिझाइन आणि बांधकाम तुमचं, टप्पा झाला की बिल. पण रक्कम ठोक असते. कटिंगमध्ये मुरमाऐवजी काळा पाषाण लागला, तर तो तुमच्या नशिबाचा. त्यात काम मिळावं म्हणून टेंडर अंदाजित खर्चाच्या वीस टक्के खाली भरलं असेल, तर झालंच.

हॅम, म्हणजे हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल, 2016 पासूनचं. 40 टक्के रक्कम बांधकाम चालू असताना मिळते, उरलेली 15 वर्षं सहामाही हप्त्यांनी, व्याजासह. टोल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, त्यामुळे वाहतुकीची चिंता नाही. पण तोवर 60 टक्के तुम्ही आणि तुमच्या बँकेने उभे करायचे. कामाच्या मुदतीचं घड्याळ सुरू होण्याआधी 80 टक्के जमीन ताब्यात मिळायला हवी, हे कागदावर छान दिसतं. खरी गोम उरलेल्या 20 टक्क्यांत. सातबाऱ्यावर पाच भाऊ, त्यातले दोघे मुंबईत, आणि मधोमध एक देऊळ. तिथे पेव्हर (रस्त्याचा थर अंथरणारं यंत्र) उभा राहतो. ऑपरेटरचा पगार, प्लँटचं भाडं आणि कर्जाचं व्याज मात्र थांबत नाही.

पहिलंच काम असेल तर माझं मत ईपीसीला. दोन-तीन कामं झाली, बँक ओळखू लागली, की हॅम बघा. तयार रस्ता पुढे इन्व्हिटला (गुंतवणूकदारांच्या पैशातून असे रस्ते घेणारा ट्रस्ट) विकून अडकलेलं भांडवल सोडवताही येतं. बीओटी मोठ्यांना करू द्या.

आणि दर भरण्याआधी ती पट्टी एकदा पायी चाला. गावागावात तलाठ्याला विचारा, मोबदला कुणाकुणाचा राहिलाय.