शातो लेओव्हिल बार्टन २००५ : एकाच पेटीतल्या पाच बाटल्या

डिसेंबर २०२५ मधल्या एका शनिवारी फ्रान्समधल्या बोर्दोच्या शातो लेओव्हिल बार्टन या लाल वाईनच्या २००५ सालच्या सहा बाटल्यांपैकी पाचवी बाटली आम्ही उघडली. पहिली उघडली तेव्हा ही वाईन जेमतेम चार वर्षांची होती, आता ती वीस वर्षांची आहे. एकाच पेटीतली वाईन इतक्या अंतराने पुन्हा पुन्हा चाखायला मिळणे हा योग दुर्मीळच, त्यामुळे हे परीक्षण एका बाटलीचे नसून पाच बाटल्यांचे आहे. त्यातली एक माझ्याच हलगर्जीपणाने वाया गेली, तिचाही हिशेब यात धरला आहे.

बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद नदीच्या डाव्या काठाने मेदोकचा पट्टा जातो आणि त्यात साँ-जुलियाँ हे लहानसे गाव आहे. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभावावरून मेदोकच्या वाईनची प्रतवारी लावली, तीत लेओव्हिल बार्टनला दुसऱ्या श्रेणीत स्थान मिळाले. साँ-जुलियाँमध्ये पहिल्या श्रेणीची एकही वाईन नाही, पण दुसऱ्या श्रेणीच्या पाच आहेत, आणि त्यांपैकी तीन एकाच जुन्या लेओव्हिल जहागिरीच्या वाटण्यांतून निघालेल्या आहेत : लास काझ, पोआफेरे आणि बार्टन. बार्टन हे मूळचे आयरिश घराणे. टॉमस बार्टन १७२२ मध्ये बोर्दोला आला आणि १७२५ मध्ये त्याने तिथे वाईनची व्यापारी पेढी काढली. त्याचा नातू ह्यू याने १८२१ मध्ये लांगोआ आणि १८२६ मध्ये लेओव्हिलचा एक हिस्सा विकत घेतला, आणि तेव्हापासून दोन्ही मळे त्याच घराण्याकडे आहेत. गंमत अशी की ‘शातो’ म्हणवणाऱ्या या वाईनला स्वतःचा वाडाच नाही. ती शेजारच्या लांगोआच्या तळघरात तयार होते आणि लेबलवर चित्र आहे तेही लांगोआच्याच वाड्याचे. १९८३ पासून कारभार पाहणारे अँथनी बार्टन २०२२ मध्ये वारले. आजूबाजूचे मालक भाव चढवत असताना त्यांनी आपले भाव आवाक्यात ठेवले, असा त्यांचा लौकिक होता. आमच्यासारख्या पगारदार माणसांच्या घरी ही पेटी आली ती त्यामुळेच.

त्या वेळी माझे पती नोकरीनिमित्त तुलूझमध्ये होते आणि बोर्दो मोटारीने अडीच तासांवर होते. २००५ या सालाचा फार गाजावाजा चालला होता आणि तो अनाठायी नव्हता. त्या वर्षी हिवाळ्यापासूनच पाऊस कमी झाला, उन्हाळा कोरडा गेला, पण २००३ सारखी होरपळ झाली नाही. द्राक्षे लहान आणि जाड सालीची झाली, साखर भरपूर उतरली आणि तरीही आंबटपणा टिकून राहिला. साँ-जुलियाँच्या जमिनीत वर गोट्यांचा थर आणि खाली चिकणमाती असल्यामुळे मुळे खोल जातात. कोरड्या वर्षी वेलींना जी थोडी ओल मिळते ती तिथूनच. लेओव्हिल बार्टनच्या मळ्यात सुमारे तीन चतुर्थांश वेली कॅबर्ने सोव्हिन्योंच्या आहेत, उरलेल्यांत बहुतांश मर्लो आणि थोडी कॅबर्ने फ्रां. रस मोठ्या लाकडी टाक्यांत आंबवला जातो आणि नंतर सुमारे दीड वर्ष ओकच्या पिंपांत राहतो. त्यांतली निम्म्याहून अधिक पिंपे नवी असतात. कॅबर्नेची जाड साल, कोरडे वर्ष आणि नवे लाकूड या तिन्हींतून एकच गोष्ट वाईनमध्ये उतरते, ती म्हणजे तुरटपणा.

हा तुरटपणा म्हणजे काय ते पहिल्या बाटलीने, २००९ च्या शेवटी, आम्हांला नीट समजावले. रंग जवळजवळ काळा, कडेला जांभळा. वासात काहीच नाही म्हटले तरी चालेल. बराच वेळ प्याला फिरवल्यावर जांभळाचा आणि नव्या लाकडाचा पुसटसा वास आला. पहिल्या घोटाबरोबर हिरड्यांपासून टाळूपर्यंत सगळे आवळून आले. कच्चे जांभूळ किंवा कोवळी सुपारी खाल्ल्यावर तोटरा बसतो, अगदी तसे. पाहुणे म्हणून आलेल्या मित्राने सौजन्याने प्याला संपवला आणि पुढे बिअर मागितली. मला मात्र त्या तुरटपणाच्या मागे एक जड, थंड, गच्च असे फळ दडले असल्याची जाणीव होत होती आणि घोट गिळल्यावरही त्याची चव बराच वेळ मागे राहत होती. वाईन टिकणार की नाही हे ओळखण्याची माझ्यापुरती खूण हीच आहे : तरुणपणी ती किती गोड लागते याला महत्त्व नाही, तुरटपणा ओसरल्यावर मागे काय उरते याला आहे.

वाईन ‘मुरते’ असे आपण लोणच्याच्या चालीवर सहज म्हणतो, पण दोन्हींत फरक आहे. लोणच्यात मीठ आणि मसाला बाहेरून फोडीत शिरतो. बाटलीतल्या वाईनमध्ये बाहेरून जवळपास काहीच येत नाही, बुचातून झिरपणारी अतिसूक्ष्म हवा तेवढी आत जाते. साली, बिया आणि लाकूड यांतून आलेले, तुरटपणा देणारे टॅनिनचे रेणू वर्षानुवर्षे एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडले जातात, त्यांचे स्वरूप पालटत जाते आणि काही भाग तळाशी गाळ होऊन बसतो. म्हणून जुन्या वाईनचा रंग जांभळ्याकडून विटकरीकडे सरकतो आणि जिभेवरची पकड सैल होते. फळाचा ताजा वास मागे पडून देवदार, तंबाखू, चामडे, पालापाचोळा असे वास पुढे येतात ते याच काळात. मात्र आत फळ आणि आंबटपणा पुरेसा नसेल, तर तुरटपणा जाण्याआधीच वाईन संपते आणि बाटलीत कोरडे, पोकळ पाणी उरते. नुसता तुरटपणा म्हणजे दीर्घायुष्य नव्हे, ही गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत.

दुसरी बाटली २०१४ मध्ये उघडली आणि तिने निराशाच केली. पहिल्या बाटलीतला तरुणपणाचा जोर ओसरला होता, परिपक्वतेचा मागमूस नव्हता. बोर्दोच्या चांगल्या वाईन मधल्या काही वर्षांत अशा मिटून बसतात हे वाचून ठाऊक होते, पण पदरचे पैसे खर्चून विकत घेतलेली बाटली तोंड मिटून बसते तेव्हा ते ज्ञान फारसे कामी येत नाही.

२०१६ मध्ये आम्ही पुण्याला परतलो. विमानतळावर प्रत्येकी दोन लिटरची सूट असल्यामुळे उरलेल्या चारही बाटल्या, म्हणजे तीन लिटर, दोघांच्या नावावर बिनशुल्क आल्या. तीन बाटल्या वाईनच्या लहान फ्रिजमध्ये तेरा अंशांवर गेल्या. चौथी सामान लावताना टॉवेलात गुंडाळलेली भांड्यांच्या खोक्यात राहिली आणि ते खोके माळ्यावर गेले. दोन उन्हाळ्यांनंतर ती सापडली तेव्हा बूच गळ्यातून दोन-तीन मिलिमीटर वर आले होते आणि टोपणाखाली वाळलेला चिकट ओघळ होता. उष्णतेने द्रव फुगतो, बूच ढकलतो आणि थंडावताना बाहेरची हवा आत ओढतो. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या माळ्यावर हे रोज घडले असणार. तरीही ती उघडली. रंग तपकिरी, वास शिजवलेल्या मनुकांचा आणि जळक्या साखरेचा, चव सपाट. तुरटपणा मात्र होता तसाच होता, आणि हे मला सर्वांत बोलके वाटले, कारण उष्णतेने वाईनचे वय वाढले नव्हते, फक्त फळ नाहीसे झाले होते. तिच्याच बरोबरीची, फ्रिजमधली बाटली २०२० मध्ये उघडली तेव्हा ती पंधरा वर्षांची असूनही तिच्यापेक्षा कितीतरी तरुण होती. पहिल्यांदाच देवदाराचा वास स्पष्ट आला आणि तुरटपणाला कडा असल्या तरी दात नव्हते.

आता पाचवीबद्दल. दोन दिवस बाटली उभी ठेवली, म्हणजे गाळ तळाशी बसतो. द्रवाची पातळी अजून गळ्यात होती, जे वीस वर्षांच्या बाटलीसाठी उत्तम लक्षण आहे. बूच निम्म्यापर्यंत मऊ झाले होते, म्हणून स्क्रू न वापरता दोन पात्यांच्या ओपनरने हलकेच फिरवत काढले. खालचे टोक गडद जांभळे, पण कडेने ओघळ नाही. वाईन गाळावरून ओतून घ्यायचे खास भांडे, म्हणजे डिकँटर, आमच्याकडे नाही. काचेच्या साध्या जगमध्ये, बाटलीच्या गळ्याखाली मोबाइलचा दिवा धरून, एका संथ धारेत वाईन ओतली आणि गाळाची पहिली काळी रेघ गळ्याशी आली तेव्हा थांबलो. तळाशी सुमारे दोन बोटे वाईन उरली. पुण्यातल्या डिसेंबरातही घराचे तापमान चोवीसच्या आसपास असते, त्यामुळे जग थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून सतरा-अठरा अंशांवर आणला. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातल्या थंड खोल्यांसाठी आहे. आपल्या खोलीत ती नुसती दारूसारखी झोंबते.

रंग अजून गडद लाल, फक्त कडेला विटकरी झाक. पहिल्या पंधरा मिनिटांत वास दबलेला होता. तासाभराने पेन्सिलीला टोक काढताना येतो तो लाकडाचा आणि शिशाचा वास आला, मग कोरड्या तंबाखूच्या पानांचा, आणि त्यांच्या खाली पिकून काळ्या झालेल्या करवंदांचा. दुसऱ्या तासाच्या शेवटी त्यात ओल्या पालापाचोळ्याचा वास मिसळला. जिभेवर ती मोठी आहे, पण जड नाही. तुरटपणा आता बारीक दळलेल्या पिठासारखा सगळीकडे सारखा पसरतो, कुठे टोचत नाही. त्याच्या मधून आंबटपणाची एक सरळ रेषा जाते आणि तिच्यामुळे दुसरा घोट घ्यावासा वाटतो. गिळल्यानंतरची चव मी घड्याळ लावून पाहिली, मिनिटभराहून अधिक राहिली. उणीव सांगायची तर ही वाईन कधीच लाडात येत नाही. तीत मेदोकमधल्याच मार्गो गावच्या वाईनची रेशमी नजाकत नाही, नदीच्या उजव्या काठावरच्या मर्लोची गुबगुबीत गोडीही नाही. वीस वर्षांनीही ती ताठ बसून बोलते. ज्यांना पहिल्या घोटातच खूश व्हायचे आहे त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

जेवणात कोकराच्या मांडीला फक्त मीठ, मिरी आणि लसूण लावून मंद आचेवर तीन तास भाजले होते. मांसातली चरबी आणि प्रथिने टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून अशा पदार्थाबरोबर वाईन आणखी मवाळ लागते. कुतूहल म्हणून आदल्या दिवशीच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्याचा एक घास घेऊन पाहिला : तिखटाने वाईन कडू केली आणि वाईनने तिखट आणखी पेटवले. दोघांचा मान राखायचा तर त्यांना वेगवेगळ्या दिवशी बोलवावे.

आपल्याकडच्या वाचकाला एक संदर्भ देणे आवश्यक वाटते. नाशिककडच्या बहुतेक लाल वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात आणि त्यात काही कमीपणा नाही. तिथल्या वेली थंडीत झोपत नाहीत, द्राक्षे उन्हाळ्याच्या तोंडाशी काढली जातात, सगळा हिशेबच वेगळा आहे. अडचण इतकीच की त्या सवयीने लेओव्हिल बार्टनची ताजी बाटली उघडली तर पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटते. लवकर पिण्यासाठी याच कुटुंबाची लांगोआ बार्टन अधिक योग्य आहे : तिसरी श्रेणी, तेच तळघर, कमी किंमत आणि बरीच आधी मोकळी होणारी. शेजारच्या दोन लेओव्हिलांपैकी लास काझ याहून घट्ट आणि बरीच महाग आहे, पोआफेरे अधिक पिकलेली आणि मनमिळाऊ. तिघींत माझे मत बार्टनला आहे, आणि ते केवळ भावामुळे नाही. बाकी दोघींत तयार करणाऱ्याचा हात जाणवतो, हिच्यात तो कमी जाणवतो. दुकानातून किंवा लिलावातून २००५ ची बाटली घेणाऱ्याने गळ्यातली पातळी पाहावी, बूच वर आलेले नाही ना ते टोपणावरून बोट फिरवून पाहावे आणि ती आजवर कुठे ठेवली होती हे न लाजता विचारावे. उत्तर मोघम आले तर बाटली परत फडताळात ठेवावी.

त्या जगमध्ये एक प्यालाभर वाईन मुद्दाम राखून, वर बशी झाकून, ती ओट्यावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, जवळपास अठरा तासांनी, ती चाखली. उतरणीला लागलेली वाईन इतक्या वेळात आंबूस होऊन बसते. हिच्यातला तंबाखूचा वास थोडा कमी झाला होता, करवंदांचा उलट वाढला होता, आणि तुरटपणा आदल्या रात्रीपेक्षाही मऊ लागत होता. सहावी बाटली २०३५ मध्ये उघडायचे ठरले होते. तो प्याला संपल्यावर पतींनी फ्रिजच्या दारावरच्या चिठ्ठीतले साल खोडून २०४० केले.