पीएच.डी.साठी बिब्लिओमेट्रिक विषय की वाचक-सर्वेक्षण?

ग्रंथालयशास्त्रात पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) पास झालेली, गाईडही मिळालेली मंडळी संशोधन व मान्यता समितीपुढे जाण्याआधी हमखास एकाच प्रश्नापाशी अडतात: बिब्लिओमेट्रिक विषय घ्यावा, म्हणजे प्रकाशित संशोधनाच्या नोंदी मोजाव्यात, की वाचकांचं सर्वेक्षण करावं? मी दोन्ही वाटांवर काही अंतर चालून शेवटी दुसरी धरली. त्यामुळे माझं मत पूर्ण तटस्थ असेल असं नाही, पण दोन्हीकडचं काम हातून गेलेलं आहे.

पहिल्या वाटेची सोय खरी आहे. आपल्याकडे बहुतेक जण कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी सांभाळून पीएच.डी. करतात. त्यांना रजा कमी आणि हाताखाली माणसं त्याहून कमी. विद्यापीठाची शोधनिबंधांच्या डेटाबेसची वर्गणी असेल तर नोंदी उतरवून घेता येतात. त्यांचं विश्लेषण करणारी व्हीओएसव्ह्यूअर आणि बिब्लिओशायनी ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. रात्री घरी बसून प्रकरण पुढे सरकतं, कोणाची परवानगी लागत नाही. सिद्धान्ताची बैठकही भक्कम आहे: बहुतेक लेखक एकेकच निबंध लिहितात असं सांगणारा लोटकाचा नियम 1926 चा, एका विषयाचे बरेचसे निबंध मोजक्याच नियतकालिकांत येतात असं सांगणारा ब्रॅडफर्डचा 1934 चा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणाऱ्या रंगनाथनांनी तर 1948 मध्येच ग्रंथालयाच्या कामाला संख्याशास्त्र लावण्याचा आग्रह धरला होता. शिवाय एकेका प्रकरणातून शोधनिबंध सहज निघतो. 2022 च्या यूजीसी नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंधाची सक्ती काढली असली, तरी गाईडांची अपेक्षा काही गेलेली नाही.

मला या वाटेवरून मागे फिरवलं ते नावांनी.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं संशोधन मोजायला घेतलं की ‘पाटील एस.’ समोर येतात. हे एक गृहस्थ नसून रसायनशास्त्रातल्या सुनीता, वनस्पतिशास्त्रातले संजय आणि आणखी कितीतरी जण एकाच आद्याक्षरामागे उभे असतात. उलट एकच चौधरी रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिले गेल्यामुळे चार लेखक होतात. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एका निबंधात असतं, दुसऱ्यात नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकेचं काम दोन अनोळखी बायकांत वाटलं जातं. संस्थांचं तेच. पुण्याचं विद्यापीठ 2014 पासून सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आहे, त्याआधीच्या नोंदींत कुठे ‘पूना’ तर कुठे ‘पुणे’. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा 1994 मध्ये नामविस्तार झाला, मुंबईचं ‘बॉम्बे’ 1996 मध्ये गेलं. प्रत्येक संशोधकाला वेगळी ओळख देणारे ऑर्किड क्रमांक 2012 नंतरचे, तेही सगळ्यांनी घेतलेले नाहीत. म्हणजे जुन्या नोंदींना त्यांचा आधार नाही.

व्हीओएसव्ह्यूअरला थिसॉरस फाइल देता येते. डावीकडे सापडलेलं नाव, उजवीकडे त्याऐवजी घ्यायचं नाव. ती फाइल मात्र आपणच भरायची. सहलेखक कोण, विभाग कोणता, पत्ता काय हे बघत एकेक ओळ ठरवायची. मी ती भरत गेलो आणि फाइल लांबत गेली. कष्टांचं एवढं वाटलं नाही. अडचण अशी, की निष्कर्ष याच फाइलवर उभा असतो. एक माणूस चार नावांत फुटला की एकच निबंध लिहिणारे लेखक वाढतात आणि लोटकाचा नियम आहे त्यापेक्षा चांगला जुळल्यासारखा दिसतो. वेगळी माणसं एका नावात मिसळली की ‘सर्वाधिक लेखन करणारा संशोधक’ म्हणून कोष्टकात पहिला येणारा प्रत्यक्षात कुठे नोकरीलाच नसतो. शंका आली तरी ती विचारायला समोर कोणी नाही.

सर्वेक्षणाचा त्रास वेगळा. किती लोकांना विचारायचं हे सांगणाऱ्या क्रेजसी-मॉर्गनच्या 1970 च्या तक्त्यातून 384 हा नमुना निवडायचा, पाच पर्यायांची प्रश्नावली छापायची आणि सगळ्यांनी ‘सहमत’वर खूण केलेली पाहायची, हे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या कितीतरी प्रबंधांत दिसतं. सार्वजनिक ग्रंथालयात गेलात तर अ, ब, क, ड दर्जाच्या सरकारी तपासणीला आलात की काय, या शंकेने ग्रंथपाल आधी जपूनच बोलतात. गूगल फॉर्मवर तर आपल्याच ओळखीचे लोक उत्तरं देतात. आकडेवारीच्या काटेकोरपणात ही वाट कमी पडते, हे मी मान्य करतो.

पण इथे अडलं की विचारता येतं. माझ्या प्रश्नावलीत अभ्यासिकेतल्या मुलामुलींची उत्तरं देवघेवीच्या नोंदींशी जुळत नव्हती. ग्रंथालय ‘रोज’ वापरतो म्हणणाऱ्यांच्या नावावर एकही पुस्तक गेलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो, बोललो. स्पर्धा परीक्षांची ही मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात. त्यांना हवी असते ती जागा, दिवा आणि शांतता. ग्रंथालयाच्या देवघेवीत ती कुठेच नाहीत, आणि सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर तीच उभी असतात. हे कळल्यावर माझ्या प्रबंधाचा मधला भाग नव्याने लिहावा लागला, आणि तोच व्हायवात (तोंडी परीक्षेत) सर्वाधिक चर्चेला आला.

तरीही, नोकरीत रजा मिळणारच नसेल, किंवा अभ्यास एखाद्या एकाच नियतकालिकापुरता असेल, तर बिब्लिओमेट्रिक विषय जरूर घ्यावा. तिथे प्रत्येक नाव हाताने तपासणं आवाक्यात असतं. पूर्ण विद्यापीठाचं किंवा राज्याचं संशोधन मोजायचा बेत असेल, तर आधी आपल्या विषयातल्या शंभर नोंदी उतरवून नावं स्वच्छ करून पाहा. वेळेचा अंदाज तेवढ्यात येतो.

सर्वेक्षणाकडे कल असेल तर ग्रंथालयाच्या कार्यवाहांची लेखी परवानगी सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधीच घ्या, आणि परवानगीच्या अर्जात देवघेवीच्या नोंदी पाहू देण्याचा उल्लेख वेगळा करा. नुसत्या प्रश्नावलीवर विसंबू नका. मार्चअखेरीला हिशेबांची घाई असते, तेव्हा जाऊ नका. संध्याकाळी मासिकं चाळायला येणारी ज्येष्ठ मंडळी आणि सकाळची अभ्यासिका, दोन्ही वेळा गाठा.