मुलाखतीच्या तयारीसाठी रत्नागिरीतले सर: आमचा अनुभव

माझी मुलगी यंदा केंब्रिज विद्यापीठाच्या नॅचरल सायन्सेसच्या पदवीसाठी मुलाखतीला बसली. मी मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. आमच्या आळीत असल्या मुलाखतीला कोणी गेलेलं नाही, तेव्हा विचारायचं कोणाला हाच प्रश्न होता. आता ओळखीतले दोन पालक मला विचारतायत, म्हणून नीट लिहून काढतो.

अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत जातो, त्याच महिन्यात ईसॅट ही विज्ञान-गणिताची प्रवेशपरीक्षा होते आणि मुलाखती डिसेंबरात. आम्ही सप्टेंबरातच घाबरून मोठ्या शहरातल्या एका ऑनलाइन क्लासला 18,000 रुपये भरले. त्यांनी दोनशे प्रश्न उत्तरांसकट पाठवले आणि पाठ करायला सांगितलं. ‘हा विषय का निवडलास’ याचं उत्तरसुद्धा तयारच होतं: लहानपणी दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली, तेव्हापासून ओढ लागली. आमच्या घरात दुर्बीण कधीच नव्हती. ते वाक्य म्हणताना पोरगी खाली बघायची. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण तिचे सहा आठवडे गेले त्याचं जास्त.

मग कॉलेजातल्या मॅडमनी या सरांचं नाव सुचवलं. फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक, घर मारुती मंदिरापासून चालत दहा मिनिटांवर. पडवीत एक जुना फळा, दोन बाकं. एका वेळेचे 300 रुपये. पहिल्या दिवशी ती अगदी बावरली होती. सर तिला म्हणाले, “रँग्लर परांजपे आपल्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आले. तेव्हा लांबून आलीयस असं समजू नकोस.”

आणि लगेच प्रश्न: “भरती कधी येणार हे तुमच्याकडे कसं सांगतात?”

हे तिला घरचंच. “आजोबा तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती.”

“पाऊणच का?”

ती गप्प झाली. दोन-तीन मिनिटं गेली असतील, सर काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तिथी किती?” तिने खडू घेतला. तिथी 30. तेवढ्यात भरती रोज थोडी थोडी पुढे सरकत 24 तासांचा फेरा पुरा करते. 1,440 मिनिटं भागिले 30, म्हणजे दर तिथीला 48. “मग आजोबांचा पाऊण तास, म्हणजे 45 मिनिटं, कशी?” तोंडी हिशेबाला सोपी म्हणून, ती म्हणाली. “बरं. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडली, महिन्याला दीड तास. मग तुझे आजोबा फसत कसे नाहीत?”

इथे ती खरी अडकली. फळ्यावर लिहायची, पुसायची. शेवटी तिला दिसलं: पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजतात, आणि तोवर भरती बारा तास सरकून घड्याळात पुन्हा त्याच जागी आलेली असते. साचलेली पाऊण तासाची चूक तिथेच पुसली जाते. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. जन्मभर हा हिशेब करतोय, माझे वडील रापणीला जाताना करायचे, पण त्यात असं काही दडलंय हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या अंगावर काटा आला.

सरांचं म्हणणं असं, की केंब्रिजला शिक्षक दोघा-तिघांना समोर बसवून शिकवतात, त्याला सुपरव्हिजन म्हणतात, आणि मुलाखत हा त्याच तासाचा नमुना. उत्तर येतं की नाही यापेक्षा अडल्यावर मूल मोठ्याने विचार करतं का, दिलेला धागा धरून पुढे जातं का, हे बघतात. त्यामुळे पुढच्या नऊही वेळा सरांनी एकच गोष्ट घोटून घेतली: बोलत राहा. साइन एक्स भागिले एक्सचा आलेख काढताना शून्यापाशी ती थबकली, तर म्हणाले, “0.1 घालून बघ.” 0.998 आलं आणि शून्यापाशी किंमत एकाकडे जाते हे तिचं तिलाच समजलं.

उणिवा आहेत. सर मराठीत विचारतात, इंग्रजीत बोलायचा सराव आम्हाला घरी वेगळा करावा लागला. मुलाखत ऑनलाइन होती आणि पडद्यावरच्या फळ्यावर लिहायचं होतं, त्याची सवय तिथे होत नाही. त्यासाठी भाच्याकडून टॅबलेट आणला. रसायनशास्त्र सर घेत नाहीत.

मुलाखत आपल्याकडच्या दुपारी साडेतीनला होती, तिकडे सकाळचे दहा. मी दाराबाहेर होतो. मध्येच तिचा आवाज आला, इंग्रजीत, “थांबा, हे चुकलं, मी दुसरीकडून बघते,” आणि मग खडखडीत बोलत राहिली. निकाल जानेवारीअखेर येईल.

सर एका वेळी दोनच मुलं घेतात, तेही संध्याकाळी पाचनंतर. नाव-पत्ता छापू नका म्हणालेत, म्हणून मला बंदरात येऊन विचारा. मुलाला सोबत आणा, आणि पाठ केलेली उत्तरं घरी ठेवा. सर ती पहिल्या वाक्यालाच थांबवतात.