रॉकेट थ्री रोडस्टर की इंट्रूडर एम१८००आर?

दोन्ही जड क्रूझर मोटरसायकली, म्हणजे बुटक्या सीटवर बसून पाय पुढे टाकून चालवायच्या, आणि इथे त्या जुन्या घ्यायच्या असं धरलं आहे. ट्रायम्फची रॉकेट थ्री २००४ साली आली आणि तिचं रोडस्टर रूप २०१० मध्ये. २०१९ पासूनची २४५८ सीसीची रॉकेट ३ नव्याने घडवलेली वेगळी गाडी आहे, तिची इथे चर्चा नाही. सुझुकीची इंट्रूडर एम१८००आर २००६ पासूनची. अमेरिकेत हीच गाडी बुलेवार्ड एम१०९आर या नावाने विकली गेली, त्यामुळे सुटे भाग शोधताना दोन्ही नावं टाकून बघा, नाहीतर अर्धा माल नजरेतून सुटतो.

कागदावर दोघी बहिणीच वाटतात. लिक्विड कूलिंग, पाच गिअर, शाफ्ट ड्राइव्ह (मागचं चाक चेनऐवजी दांड्याने फिरतं), मागे २४० मिलिमीटर रुंदीचा टायर आणि साडेतीनशे किलोच्या आसपास वजन. म्हणून बहुतेक जण ताकदीच्या आकड्यांवर निर्णय घेतात. माझ्या मते तो सगळ्यात चुकीचा निकष आहे. ताकद दोघींतही गरजेपेक्षा खूप जास्त आहे. गाडी वर्षानुवर्षं चालवणार की सहा महिन्यांत विकायला काढणार, हे तीन गोष्टींवर ठरतं: पाय कुठे ठेवायचे, ब्रेक कसे लागतात आणि मागचा टायर.

इंजिन

रॉकेटचं इंजिन २२९४ सीसीचं, तीन सिलिंडर एका ओळीत, तेही गाडीच्या लांबीच्या दिशेने. बोअर (सिलिंडरचा व्यास) १०१.६, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९४.३ मिलिमीटर. रोडस्टरला १४८ पीएस ताकद आणि २२१ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो, आणि हा टॉर्क २७५० आरपीएमलाच येतो. त्याचा रोजच्या चालवण्यातला अर्थ एवढाच की गिअर बदलायचं कामच फारसं उरत नाही. चौथ्या-पाचव्यात गाडी पडून राहते आणि मूठ पिळली की ओढते. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) लांबीच्या दिशेने असला की उभ्या गाडीत थ्रॉटल दिल्यावर ती एका बाजूला झुकू बघते. हे कमी व्हावं म्हणून आतले काही भाग क्रँकच्या उलट दिशेने फिरतात. तरीही बारीकसा धक्का जाणवतो. तो दोष नाही, पण पहिल्यांदा बसणारा दचकतो.

इंट्रूडरचं इंजिन १७८३ सीसीचं, ५४ अंशांचं व्ही-ट्विन, म्हणजे इंग्रजी व्ही आकारात बसवलेले दोन सिलिंडर. बोअर तब्बल ११२ मिलिमीटर आणि स्ट्रोक फक्त ९०.५. एवढा रुंद पिस्टन आणि आखूड स्ट्रोक म्हटल्यावर हे इंजिन पारंपरिक क्रूझरसारखं मंद ठोके देत बसत नाही, वर चढायला मागतं. १२५ पीएस ताकद ६२०० आरपीएमला, १६० न्यूटन-मीटर टॉर्क ३२०० ला. खाली २००० च्या आत उंच गिअरमध्ये ओढायला लावलं तर हादरे बसतात, कारण इतके मोठे दोनच स्फोट तेव्हा फार अंतराने होतात. तिथे एक गिअर खाली घेणं हेच बरोबर. ज्यांना इंजिनाचा ठोका अंगात जाणवायला हवा त्यांना रॉकेट गुळगुळीत, जवळजवळ मोटरगाडीसारखी वाटेल. ही तक्रार मला पटते. रॉकेट ओढते जबरदस्त, पण तिच्यात व्ही-ट्विनची लय नाही.

बसणं आणि पेलणं

इंट्रूडरची सीट ७०५ मिलिमीटरवर, रोडस्टरची ७५० वर. वजन तयार अवस्थेत अनुक्रमे ३४७ आणि ३६७ किलो. उंची कमी असणाऱ्याला इंट्रूडर सोपी वाटते आणि उभी असेपर्यंत ती खरोखर सोपी आहे. चालायला लागली की चित्र बदलतं. तिचे फूटपेग (पाय ठेवायच्या खुंट्या) खूप पुढे आहेत आणि हँडलही लांब. हात-पाय दोन्ही पुढे ताणलेले असले की शरीराचं वजन मणक्याच्या शेपटाकडे जातं, आणि वारा छातीवर घेतल्यावर हातांनी स्वतःला धरून ठेवावं लागतं. तासाभराने खांदे बोलायला लागतात. रोडस्टरमध्ये पेग आधीच्या रॉकेटपेक्षा मागे घेतले आहेत, त्यामुळे खड्डा दिसला तर पायांवर भार घेऊन थोडं उठता येतं. पाठ सांभाळायची असेल तर हा एक फरक बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

रिव्हर्स गिअर दोघींतही नाही. म्हणून भिंतीकडे तोंड करून उतारावर कधीही लावू नका, साडेतीनशे किलो चढावर मागे ओढणं एकट्याने जमत नाही. जमीन मऊ असेल तर साइड स्टँडखाली चपटी प्लेट ठेवा. अगदी हळू वळवताना पुढचा ब्रेक अजिबात नको. क्लच अर्धवट, थ्रॉटल स्थिर आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय. गाडी पडायला लागली तर सोडून द्या. एवढं वजन एका पायावर तोलायला गेलात तर गुडघा जातो.

उष्णता दोघींची उजव्या पायाला लागते. रॉकेटचे तिन्ही एक्झॉस्ट पाइप उजवीकडून बाहेर पडतात. इंट्रूडरचे दोन्ही साइलेन्सर उजवीकडे आहेत आणि मागच्या सिलिंडरची धग मांडीखाली येते. थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत दोघींचा त्रास होतो. जाड पँट घालणं हाच उपाय.

मागचा टायर

याबद्दल विकणारा काही सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर.

रुंद टायरची गाडी कलली की जमिनीला टेकलेला भाग मध्यापासून बराच बाजूला सरकतो. त्यामुळे टायर गाडीला पुन्हा सरळ करायला बघतो आणि वळणभर हँडलवर हलका जोर धरून ठेवावा लागतो. पुढचा टायर जितका अरुंद तितकी ही ओढाताण जास्त. इंट्रूडरला पुढे १३०/७०आर१८ आणि मागे २४०/४०आर१८ आहे. रॉकेटला पुढे १५०/८०आर१७ आणि मागे २४०/५०आर१६. पुढचा टायर रुंद असल्यामुळे रॉकेटची दोन टोकं एकमेकींशी जास्त जुळलेली वाटतात. इंट्रूडर मात्र वळणात आधी नको म्हणते, मग एकदम आत पडते. रस्त्याला उतरती कड असेल किंवा लांबट चर असतील तर दोघी त्यामागे जातात, इंट्रूडर अधिक.

हवा कमी असेल तर हे सगळं दुप्पट वाईट होतं. इंट्रूडरला थंड टायरमध्ये पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय हवा भरा. चार-पाच पीएसआय कमी झाले तरी हँडल जड होतं. ‘ही गाडी वळतच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी गेज लावून बघावं. रॉकेटसाठी गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा पाळा.

आता मिळण्याचा प्रश्न. २४०/४०आर१८ हे माप इतर क्रूझरनाही लागतं, हार्लेच्या नाइट रॉड स्पेशललासुद्धा. म्हणून निवड बरी आहे. २४०/५०आर१६ हे माप जवळजवळ रॉकेटपुरतंच आहे. टायर मिळतो, पण पर्याय मोजके आणि ऐनवेळी दुकानात तयार असेलच असं नाही. रॉकेट घेणार असाल तर मागचा टायर अर्धा झिजल्यावरच पुढचा मागवून ठेवा. पर्याय नाही म्हणून मोटारीचा टायर बसवलेल्या रॉकेट दिसतात. तसली गाडी घेऊ नका, आणि घेतलीच तर आधी टायर बदला. चौकोनी खांद्याचा टायर कलण्यासाठी बनलेलाच नसतो.

दोघींच्याही टॉर्कमुळे मागचा टायर मध्यभागी सपाट होतो. बाजूला नक्षी शिल्लक दिसते आणि मध्ये पट्टा पडलेला असतो. मोजायचं ते मध्यावर.

ब्रेक

इथे माझं मत पक्कं आहे. रोडस्टरला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे, इंट्रूडरला नाही.

इंट्रूडरचे ब्रेक दुबळे मुळीच नाहीत: पुढे ३१० मिलिमीटरच्या दोन डिस्क, रेडियल पद्धतीने बसवलेले चार पिस्टनचे कॅलिपर, मागे २७५ ची डिस्क. रॉकेटला पुढे ३२० च्या दोन डिस्क आणि मागे ३१६ ची. कोरड्या रस्त्यावर दोघी झकास थांबतात. प्रश्न ओल्या रस्त्याचा आणि घाबरून दाबलेल्या ब्रेकचा आहे. लांब व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर (इंट्रूडर १७१०, रॉकेट १६९५ मिलिमीटर) आणि बुटकी ठेवण यामुळे क्रूझरचा मागचा ब्रेक बरंच काम करतो, म्हणून लोक तो जोरात दाबतात आणि चाक लॉक होतं. साडेतीनशे किलोची घसरायला लागलेली गाडी सावरणं हे अनुभवी हातांनाही अवघड. पावसात चालवायची असेल, किंवा ही तुमची पहिलीच एवढी जड गाडी असेल, तर तुलना इथेच संपवा आणि रॉकेट बघा.

लांबचा पल्ला

रोडस्टरची टाकी २४ लिटर, इंट्रूडरची १९.५. दोघींचं मायलेज लिटरला १५ किलोमीटर धरलं आणि तळाचे तीन लिटर सोडले, तर रॉकेटला ३१५ आणि इंट्रूडरला जेमतेम २५० किलोमीटरवर पंप शोधावा लागतो. इंट्रूडरच्या हेडलाइटभोवती मोठं कवच असल्यामुळे कुठलीही सर्वसाधारण विंडस्क्रीन बसत नाही, त्या मॉडेलसाठीच बनवलेली लागते. मागे बसणाऱ्याचे हाल दोघींवर. मागच्या सीटवर नेहमी कुणी बसणार असेल तर खरं तर यातली एकही नको. तसाच हट्ट असेल तर रॉकेटचं टूरिंग रूप शोधा.

देखभाल

शाफ्ट आहे म्हणजे चेन ताणणं नाही, वंगण नाही. पण ‘काहीच करावं लागत नाही’ हा गैरसमज शाफ्ट खातो. फायनल ड्राइव्हचं, म्हणजे मागच्या चाकापाशी असलेल्या गिअरपेटीचं, तेल ठरलेल्या अंतराला बदलायचं. प्रत्येक वेळी मागचं चाक काढलं की स्प्लाइन (चाकाला शाफ्टशी जोडणारे दाते) पुसून त्यावर मॉलिब्डेनमची पेस्ट लावायची. टायरवाला हे करत नाही, त्याला सांगावं लागतं. कोरडी स्प्लाइन गंजते, दात झिजतात आणि मग थ्रॉटल उघडता-मिटताना मागून ‘खट्’ असा आवाज यायला लागतो.

व्हॉल्व्ह दोन्हीकडे शिमवाले आहेत, म्हणजे त्यांची फट पातळ चकत्या बदलून जुळवायची. रॉकेटला बारा, इंट्रूडरला आठ. आकड्यावरून इंट्रूडर सोपी वाटेल, पण रॉकेटचे बाराही व्हॉल्व्ह एकाच उभ्या हेडमध्ये, एका कव्हरखाली आहेत. टाकी काढली की समोर. इंट्रूडरची दोन वेगळी हेड आहेत आणि दोन्हींभोवती जागा तंग. प्लगचंही तसंच. दर सिलिंडरला दोन, म्हणजे चार. मजुरीचे तास विचारताना हे लक्षात ठेवा.

दोन्ही इंजिनं ड्राय संपची आहेत, तेलाचा साठा वेगळा असतो. थंड इंजिनात पातळी कमी दिसते कारण तेल खाली उतरलेलं असतं. ते बघून वर ओतलं की जास्तीचं तेल एअरबॉक्समध्ये जातं. इंजिन पूर्ण गरम करा, थोडं आयडलवर चालवा, बंद करा, गाडी सरळ उभी धरा आणि मग मोजा. तेल जासो एमए दर्जाचंच, म्हणजे ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचंच हवं. मोटारीच्या तेलातली घर्षण कमी करणारी द्रव्यं ओल्या क्लचच्या प्लेटवर बसतात, आणि एवढ्या टॉर्कपुढे क्लच लगेच घसरतो.

जुनी गाडी तपासताना

गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

बॅटरीला मल्टिमीटर लावा. काही तास उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना १० च्या खाली नाही, चालू इंजिनात हलकी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५. एवढे मोठे पिस्टन फिरवायला बॅटरी कमी पडली की इंजिन उलटा झटका मारतं आणि स्टार्टरचा स्प्रॅग क्लच (स्टार्टरला इंजिनाशी एकाच दिशेने जोडणारा भाग) झिजतो. रॉकेटमध्ये तो बदलायचा म्हणजे बरंच काही उघडावं लागतं. बटण दाबल्यावर किर्र असा घसरल्याचा आवाज आला तर भाव पाडायच्या भानगडीत न पडता निघून या. रॉकेटचं इग्निशन स्विचही हलवून बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवताना दिवे लुकलुकले किंवा इंजिन बंद पडलं तर मागची वायर तुटत आली आहे. हे मात्र किरकोळ काम आहे.

पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यभागी खाचेत अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले, जड गाड्यांत हे लवकर होतं. फोर्कच्या नळ्यांवर तेलाची कडा शोधा. फायनल ड्राइव्हचा ड्रेन प्लग काढू देत असतील तर जरूर काढा: चुंबकावर राखाडी लगदा असेल तर चालेल, चमकणारे कण असतील तर नाही. टायरच्या कडेचा चार आकडी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर खर्चात धरा.

चाचणीला निघाल्यावर वेग बघू नका. सलग अर्धा तास चालवा, दोनदा पूर्ण वळून या, आणि मोकळ्या जागी कमी वेगात मागचा ब्रेक नीट दाबून बघा. रॉकेटमध्ये पेडल पायाखाली थरथरलं पाहिजे. इग्निशन दिल्यावर लागलेला एबीएसचा दिवा चालू लागल्यावर विझलाच नाही, तर सेन्सरची वायर आणि मागच्या चाकाची रिंग दोन्ही तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.